खेळात दिलेलं शेत

उत्तरेचा कोरडा वारा सुटला की आमच्याकडे सगळ्यांचं डोकं फिरतं. ओठ फुटतात, दारं आपोआप आपटतात आणि माणसं उगाच एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्या साली वारा लवकर सुटला, आणि त्यातच मामा गेल्याला वर्ष झाल्याच्या कार्याचा दिवस ठरला. मग काय विचारता! ओडुमासेतल्या आमच्या कुळात एक माणूस जागेवर बसेल तर शपथ.

ग्यामेरा मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. कुठे कुठे म्हणे बापाचं शेत पोराला जातं. आमच्यात मामाचं भाच्याला जातं, आणि तेच बरोबर आहे. पोरगं कुणाचं हे बाईलाच ठाऊक, पण बहिणीचं पोर आपल्या रक्ताचं यात शंका कुणाला? मामाचे भाचे दोन. थोरला माझा भाऊ बेदियाको, आणि धाकटा मावशीचा क्वार्टेंग. बेदियाकोला शेत मिळालं की त्याच्यामागे ते माझ्या पोराला येणार होतं. मी ते मनात कितीदा घोळवलं असेल, देव जाणे.

आणि हा आमचा थोरला वारस करत काय होता? मास्टर ओफोरीच्या कॉन्सर्ट पार्टीत, म्हणजे फिरत्या नाटकमंडळीत, लॉरीतून गावोगाव फिरत होता, छातीशी सावरीचा कापूस बांधून, तोंडाला पावडर फासून, बाईची कामं करत.

आता खोटं कशाला बोलू, कामं तो जबरदस्त करायचा. मिशनच्या शाळेत पोरी नाटकात उभ्या राहीनात म्हणून मास्तरांनी याला फ्रॉक घातला, तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. कुमासीला शिंप्याकडे ठेवला तर तिथेही बायकांचे काबेच शिवत बसला. काबा म्हणजे आमच्या बायकांची झालरीची चोळी, बाही फुगलेली, कंबर आवळलेली. ओफोरीनं त्याला तिथूनच उचलला. पार्टीचे सगळे कपडे हाच शिवी. पडद्याचं कापड, तांदळाची पोती, मडमेनं टाकून दिलेला गाऊन, हाताला काहीही लागू दे, त्यातून राणी तरी निघायची नाही तर चेटकीण. ज्या गावात खेळ झाला त्या गावात दुसऱ्या दिवशी बायका कापड घेऊन दारात हजर, "रात्री घातलेला तसाच काबा मला दे." एका लॉरी ड्रायव्हरनं तर त्याला लग्नाची मागणी घातली होती. दोन कोंबड्या घेऊन आला होता बिचारा. कोंबड्या पार्टीनं खाल्ल्या.

पण लोक यायचे ते त्याच्या विधवेसाठी. नवरा मेलेला, नवऱ्याचे भाचे येऊन बाईला घराबाहेर काढतात, असा तो खेळ. बाई आपलं मडकं डोक्यावर घेऊन निघते. बेदियाको त्या जागी ओरडून रडायचा नाही. कंबरेवर एक हात दाबायचा, तोंड उघडायचा आणि आवाजच काढायचा नाही. बस्स. माणसं ढसाढसा रडत. बायका स्टेजवर चढून त्याच्या कपाळाला नाणी चिकटवायच्या, कुणी उकडलेला सुरण पुढे ठेवायची, कुणी अंगावरचा रुमाल.

ते रडणं कुणाचं होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते दुफिए मामीचं होतं. तिचं पहिलं पोर गेलं तेव्हा ती अशीच उभी होती, आणि बेदियाको, तेव्हा एवढासा, दाराशी उभा राहून बघत होता. मामीनं त्याचा खेळ एकदाच पाहिला. मध्येच उठून गेली.

*

कार्याच्या आधीच्या पंधरवड्यात आम्ही खालच्या बागेत कोकोची फळं फोडत होतो. ढीग मांडलेला, चारपाच बाया गोल बसलेल्या, हातात कोयते. एका फटक्यात कवच फोडायचं, पण आतली बी कापली जाता कामा नये. मामी फोडायची तर बघत राहावं. तीस वर्षांत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कोयत्यानं आखूड केली होती, पण बी कधी कापली गेली नाही.

ही खालची बाग ओढ्याकाठची. मामानं जंगल तोडलं हे खरं, पण रोपं डोक्यावरून आणली मामीनं. सावलीला केळी लावल्या मामीनं, ओढ्याचं पाणी वाहिलं मामीनं. पोटात पोर असताना वाहिलं. हे सगळं मी बघितलंय, नाही म्हणत नाही. पण बघितलं म्हणून काय झालं? नवऱ्याच्या शेतात राबणार नाही तर कुणाच्या?

क्वार्टेंग काठी फिरवत आला. ढिगाकडे बघून म्हणाला, "मामी, हात जरा उचला. कार्य झालं की सामान आवरायला वेळ लागेल तुम्हाला."

मामीनं मान वर केली नाही. "आवरायला काय आहे रे, एक मडकं आणि दोन चटया. तू आत्ता डोक्यावर घेतोस का? जाऊ लगेच."

बाया फिसकन हसल्या. क्वार्टेंगचे कान लाल झाले. "मी आपलं सांगितलं," म्हणत तो निघून गेला आणि जाताना बिया वाळत घातलेल्या चटईवरून मुद्दाम चालत गेला. मामीनं उठून विस्कटलेल्या बिया हातानं सारख्या केल्या.

मी ढिगातलं पुढचं फळ उचललं. तिला एक ना एक दिवस जायचंच होतं. वारस भला असला तर झोपडी राहू देतो, एवढंच.

*

बेदियाको आला तो ओफोरीच्या लॉरीतून, शिलाईचं मशीन मांडीवर घेऊन. कुळानं कार्याला कॉन्सर्ट पार्टी लावायची ठरवलं होतं. शेजारच्या गावानं त्यांच्या म्हाताऱ्याच्या कार्याला बँड आणला होता ना, मग आपण कमी का? आणि पार्टी आणायची तर घरचीच आणा, असं क्वार्टेंगचं म्हणणं.

जेवताना मी विषय काढला. कुटलेल्या सुरणाच्या फुफूचा गोळा सारात बुडवून तो नुसता फिरवत होता.

"आता सोडशील ना हे सगळं?"

"अक्का, मामानं आजारपणात काय सांगितलं होतं ते आठवतं का तुला?"

"नाही आठवत."

"आठवतं. तू पाय चेपत होतीस, मी उशाला होतो. म्हणाला, ओढ्याकाठची बाग दुफिएची. तिनं लावली, तिची."

"म्हणाला असेल. आजारी माणूस काहीही म्हणतो. घेणाऱ्यानं आभाराची बाटली दिली आणि कुळ ती प्यालं तरच दान पक्कं होतं. ती बाटली कुणी दिली? कुळातल्या कुणी ती प्याली? जमिनीवर पितरांना ओतली? नाही ना? मग ते बोलणं हवेत गेलं."

"हो," तो म्हणाला, "बाटली राहिली खरी."

"मग राहिली. तू कशाला उकरतोस? वारस तू. तुझ्यामागे माझा पोरगा. मामीच्या दोघी लेकी लग्न होऊन आपापल्या घरी आहेत, ती जाईल एकीकडे."

तो हात धुऊन उठला आणि अंगणात येरझारा घालू लागला. तो एकदा चालू लागला की माझंही बूड टेकत नाही. मी भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी न्यारको आजोबा आले, आमच्या कुळाचे थोरले. त्यांना बसायला स्टूल दिलं. बेदियाकोला त्यांनी उभंच ठेवलं. हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि भुवईवरून अंगठा फिरवला.

"उपटतोस?"

"हो आजोबा. कामाला लागतं."

"वारस म्हणून तुझ्या मामाच्या वहाणा मी याच तोंडासमोर ठेवायच्या?"

माझीच मान खाली गेली. बत्तीस वर्षांच्या माणसाला बकऱ्यागत चाचपायचं म्हणजे काय!

"कान देऊन ऐक," आजोबा म्हणाले. "शनिवारी सकाळी तुला वारस करणार. दुपारी तुझा खेळ होऊ दे, लोकांना सांगून झालंय. पण तो शेवटचा. रविवारपासून अंगाला बायकी कपडा लागलेला दिसला तर वहाणा क्वार्टेंगच्या पायात. पटतंय?"

"पटतंय," तो म्हणाला.

मी सुटले. आजोबांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि परत येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

*

मग तो शिवायला बसला. पहाटे मशीन सुरू व्हायचं ते दुपारपर्यंत. विधवेचा नवा झगा, काळा, लांब बाह्यांचा. मी म्हटलं, "एका खेळासाठी कशाला एवढी मरमर? जुना आहे ना?"

"शेवटचा आहे म्हणून तर."

पण शिवत होता विचित्र. एक शिवण घालायचा, उसवायचा. पाठीकडून हूक लावायचा, काढायचा, त्या जागी दोरी ओवायचा. झगा अंगात घालून अंगणात उभा राहायचा आणि मानेमागची दोरी ओढायचा. अर्धा झगा सुटायचा, अर्धा खांद्यावर अडकायचा. "छ्या!" म्हणून परत मशीनवर. बगलेत अडकत होतं बहुतेक. एकदा तर संतापानं त्यानं कात्री भिंतीवर फेकली. मग स्वतःच जाऊन उचलली आणि तिचं टोक वाकलंय का बघत बसला.

"झगा काढायला एवढी घाई कसली?" मी विचारलं.

"पुढच्या सोंगाला लगेच कपडे बदलायचे असतात, अक्का."

मला वाटलं, असेल. त्याच्या धंद्यातलं मला काय कळतं? पण मन खात होतं. तो मामीकडे दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा मला म्हणाला की माप घ्यायला गेलो होतो.

*

शनिवारी सकाळी सगळं रीतीप्रमाणे झालं. मामीनं वर्षभराचा काळा कपडा सोडला, नदीवर न्हाऊन पांढरा नेसली. न्यारको आजोबांनी मामाची बंदूक आणि वहाणा बेदियाकोपुढे ठेवल्या. त्यानं पाय घातले. वहाणा त्याला मोठ्या होत होत्या, पण घातल्या. कुळाला आभाराची बाटली दिली, आजोबांनी पितरांना ओतली, सगळे प्याले. मी रडले. आई असती तर, असं सारखं वाटत होतं.

दुपारी माडाच्या झावळ्यांच्या मांडवात खेळ. पुढच्या खुर्च्यांवर थोरले, सकाळपासून पिऊन डोळे तांबडे झालेले. मागे सगळा गाव आणि शेजारची तीन गावं. धुळीनं ऊन पिवळं पडलेलं. ओफोरी विदूषक होऊन आला, काळ्या तोंडावर पांढरे ओठ, आणि त्यानं क्वार्टेंगच्या काठीची नक्कल केली तेव्हा क्वार्टेंगही हसला.

मग विधवा आली. पार्टीतला एक जण भाचा झालेला, तो ओरडला, "ऊठ! घर आमचं, शेत आमचं!" विधवेनं मडकं डोक्यावर घेतलं. दोन पावलं टाकली. कंबरेवर हात दाबला आणि तोंड उघडलं.

बायकांनी हंबरडा फोडला. माझ्या शेजारची म्हातारी नाणं काढायला पदराची गाठ सोडू लागली. माझेही डोळे भरले, आणि मला स्वतःचाच राग आला. मी कुणासाठी रडत होते? सकाळी वारस ठरवून आम्हीच तर मामीला काढलं होतं.

बेदियाकोनं मडकं खाली ठेवलं. मानेमागे हात नेला आणि दोरी ओढली. झगा सबंध, एकदम, पायाशी पडला. बगलेतही अडकला नाही. आत पुरुषाचं सुतकाचं वस्त्र, डाव्या खांद्यावरून घेतलेलं, उजवा खांदा उघडा. रुमाल काढून फेकला. पायात मामाच्या वहाणा होत्या.

लोकांनी टाळ्या पिटल्या. नवीन गंमत वाटली सगळ्यांना.

"मी बेदियाको," तो पुरुषी आवाजात म्हणाला. तो आवाज त्या स्टेजवर कुणी कधी ऐकला नव्हता. "ग्यामेराचा भाचा, ग्यामेराचा वारस. ओढ्याकाठची बाग मी दुफिएला देतो. मामाचा शब्द होता. मामी, आभार आण."

आणि गर्दीतून मामी निघाली. खेळात बायका स्टेजवर जातातच, कुणाला काही वाटलं नाही. तिच्या हातात जिनची बाटली होती, सील न फोडलेली, आणि एक ग्लास. ती स्टेजवर गेली नाही. सरळ पुढच्या खुर्च्यांकडे आली. गुडघे टेकले, पहिला ग्लास भरून न्यारको आजोबांच्या हातात दिला.

आता आजोबांचं असं आहे, की हातात भरलेला ग्लास आला की त्यांचं तोंड आपोआप चालू होतं. साठ वर्षांची सवय. ते उठले, वहाणेतून पाय काढले, धार जमिनीवर सोडली आणि म्हणाले, "पितरांनो, या, प्या. पोरानं दिलं, बाईनं आभार मानले, आम्ही साक्षी." मांडव हसून हसून लोळला. आजोबाही हसले, उरलेलं प्याले, मिशी पुसली. क्वार्टेंगनं दोन ग्लास घेतले.

मग मामी माझ्यापुढे आली. ग्लास पुढे केला तेव्हा तिचा हात थरथरत होता. माझ्या हाताला तो हात लागला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मी प्याले.

*

रविवारी सकाळी क्वार्टेंग बोंबलत आला, "ती म्हातारी सीमेची झाडं लावतेय! खालच्या बागेला!"

सगळं कुळ धावलं. मामी गुडघ्यावर बसून खड्डे खणत होती. शेजारी सीमेच्या तांबड्या पानांच्या फांद्या, आणि बेदियाको ओढ्याचं पाणी आणून घालत होता.

"हे काय चाललंय?" आजोबा ओरडले.

"काल तुम्हीच साक्षी राहिलात की, आजोबा," मामी म्हणाली. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

क्वार्टेंगनं दोन फांद्या उपटल्या. मामीनं कोयता उचलला. बेदियाको मध्ये गेला आणि क्वार्टेंगची काठी त्याच्या कानशिलावर बसली. रक्त आलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, गावप्रमुखाकडे चला, आणि तसेच सगळे चिखलाच्या हातांनी गावप्रमुखाच्या अंगणात.

गावप्रमुख स्वतः बोलत नाहीत. त्यांचा दुभाष्या काठी टेकून विचारतो.

"खेळात दिलेलं खरं कसं?" क्वार्टेंगनं सुरुवात केली. "उद्या खेळात राजा झाला तर गाव त्याचा का? आणि दिलं कुणी? झगा घातलेल्या बाईनं!"

"देताना अंगावर काय होतं?" दुभाष्यानं विचारलं.

ओफोरी झगा घेऊन पुढे आला. मातीत पसरला, दोरी दाखवली. "साहेब, झगा आधी पडला, शब्द मागून आला. हजार माणसांनी पाहिलं. बाईचा कपडा अंगावर असताना तो एक शब्द बोलला नाही."

तेव्हा मला त्या उसवलेल्या शिवणी कळल्या. मेल्यानं इतके दिवस... मी त्याच्याकडे बघितलं तर तो खाली बघत होता, कानशिलावर रक्त वाळलेलं, पावडर अजून मानेला.

दुभाष्या आजोबांकडे वळला. "न्यारको, पितरांना बोलावलंत. चेष्टा होती का खरं?"

आजोबा मोठे धूर्त. बराच वेळ दाढी खाजवली. "चेष्टा झाली माझ्या हातून. पिऊन होतो. पितरांची माफी मागतो. एक मेंढी कापीन."

अंगणात कुजबुज उठली. मेंढी कापली की पितर शांत, आणि बाग परत आमची. क्वार्टेंगचा चेहरा उजळला. मामी उभी होती ती खाली बसली.

गावप्रमुखांनी दुभाष्याला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. दुभाष्या म्हणाला, "थोरले पिऊन होते. मान्य. पण कुळ म्हणजे बायका. वारसाची बहीण कुठाय? सेरवा, तू प्यालीस?"

"प्याले."

"सकाळपासून पीत होतीस?"

"मी दारूला शिवत नाही. सकाळची रीतीची, आणि ती."

"मग शुद्धीत होतीस. तू खेळ समजून प्यालीस का खरं समजून?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. क्वार्टेंग डोळ्यांनी खुणावत होता, बोल, खेळ म्हण. दोन अक्षरं होती. खेळ म्हटलं की बाग आमची. वरची खालची सगळी, आधी भावाची, मग माझ्या पोराची. पोरगं शिकेल, पत्र्याचं घर बांधेल, मला म्हातारपणी फुफू कुटायला बाई ठेवील. मी वर्षभर हेच जेवले होते. आणि तिथे मातीत मामी बसली होती, तोडक्या बोटांचा हात मांडीवर, माझ्याकडे बघत सुद्धा नव्हती. तिनं आशाच सोडली होती. त्याचाच मला भयंकर राग आला. म्हणजे मी खोटंच बोलणार, असं धरूनच चालली होती ती!

"तिचा हात कापत होता," मी म्हणाले. "खेळात कुणाचा हात कापत नाही. मला कळलं होतं. कळून प्याले."

*

त्याच दुपारी आजोबांनी वहाणा काढून घेतल्या. गावप्रमुखांनी खालची बाग मामीला दिली, पण वारस कुणाला ठेवायचं ते कुळाच्या हातात. क्वार्टेंग वारस झाला. वरची बाग त्याची, त्याच्यामागे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या पोरांची. मला त्यानं सांगितलं की तुझा भाजीचा तुकडा त्या बागेत येतो, आता मजूर लावणार आहे, फिरकू नकोस.

बेदियाको लॉरीत सामान चढवत होता. मी तिथे जाऊन गावासमोर त्याला वाट्टेल ते बोलले. "तुला काय, तू निघालास झगे घालून नाचायला! माझ्या पोराच्या तोंडचा घास काढलास! मला एका शब्दानं विचारलं नाहीस! सख्ख्या बहिणीला!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते!"

"म्हणून नाही विचारलं." त्यानं मशीन वर चढवलं आणि माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हे पाणी स्टेजवरचं नव्हतं, मला फरक कळतो. "अक्का, मामीच्या रडण्यावर मी बारा वर्षं जेवलो. गावोगाव मला नाणी मिळाली, अंडी मिळाली, टाळ्या मिळाल्या. आणि मी तिला बाहेर काढायचं? कुठल्या तोंडानं?"

मी त्याच्या कानशिलाची जखम बघितली, घाण झाली होती, थुंकी लावून पदरानं पुसली. "मर मेल्या," म्हणाले. लॉरी गेली.

पुढे ड्रायव्हर लोकांकडून कळायचं. गोष्ट त्याच्याआधी पुढच्या गावी पोचली होती. विधवा मडकं उचलायला वाकली की लोक ओरडायचे, "सोड दोरी! दे शेत!" झगा पडेपर्यंत कुणी ऐकायचं नाही. कंबरेवर हात ठेवला की शिट्ट्या. कुणी रडेना. ओफोरी खूश होता, कारण मांडव भरत होते. बेदियाकोनं मात्र विधवा सोडली. आता म्हणे भांडकुदळ सासू करतो आणि तिच्यासाठी मोठ्या ढुंगणाचा झगा शिवलाय.

मी घरात बसून राहिले. बसले म्हणजे काय, उठत होते, बसत होते, उठत होते. वारा थांबत नव्हता. क्वार्टेंगचे मजूर वरच्या बागेत गाणी म्हणत फळं तोडत होते, ते मला अंगणात ऐकू यायचं. पोरगं विचारायचं, "आई, आपल्याला शेत नाही का?" मी त्याला एक धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं.

एका सकाळी मला सहन होईना. कोयता घेतला आणि तरातरा खाली ओढ्याकडे गेले. मामी एकटीच फळांच्या ढिगापाशी बसली होती. मजूर लावायला तिच्याकडे काही नव्हतं. अर्ध्या फळांना काळा डाग पडायला लागला होता, चार दिवसांत फोडली नसती तर गेलीच असती.

मला बघून तिनं हातातला कोयता खाली ठेवला नाही. "भांडायला आलीस का कामाला?"

"दोन्हीला," मी म्हणाले.

तिनं बूड सरकवून ढिगापाशी जागा केली.

"मग बस," म्हणाली. "आणि भांडताना हात थांबवू नकोस."